ओट्याचं माहेर

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात एक नियम कुणालाच मोडता यायचा नाही. लिंबू चिरायचं ते ताटलीत, ओट्यावर नाही. उन्हाळ्यात सरबताच्या घाईत कुणी ओट्यावरच सुरी चालवायला घेतली की माजघरातून आवाज यायचा, "अरे, लिंबू कडप्पा खातं!" आणि ते खरंच खायचं. तेलाचा हात फिरवून काळाभोर ठेवलेल्या त्या दगडावर थेंबाएवढा राखाडी, खरखरीत डाग पडायचा आणि मग तो राख लावा, चिंच लावा, जायचा नाही. (चिंच लावल्यावर तर वाढायचाच. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.)

सदाशिव पेठेतला तो वाडा पाडून आता तिथं इमारत उभी आहे. आत्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि त्यात ग्रॅनाईटचा ओटा. जुन्या ओट्याचा एक वीतभर तुकडा तिनं पाडकाम करणाऱ्या मजुरांकडून मागून घेतला, डागांसकट. तो सध्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली असतो.

आत्या ६९ वर्षांची. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. दरवर्षी फळ्यावर चुनखडकातली गुहा काढायची, वरून लोंबणारे ते अधोमुखी लवणस्तंभ, खालून उगवणारे ते ऊर्ध्वमुखी. मुलांनी हमखास उलटे लिहायचे. परवा दिवाळीत ती म्हणाली, "इतकी वर्षं काढले रे, पण एकदा पाहिले नाहीत." मग मीच शोधाशोध केली. आंध्रातली बेलुमची गुहा पुण्याहून एका रात्रीच्या गाडीवर आहे, आणि ती ज्या खडकात आहे तो खडक आपल्याकडे कडप्पा म्हणून विकला जातो त्याच घराण्यातला, हे आत्याला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे ओट्याचं माहेर!" तिकिटं काढणं भागच पडलं. सोबतीला भाचा, इयत्ता अकरावी. त्याच्या आईनं "मोबाईल सोडून काहीतरी बघू दे त्याला" म्हणून आमच्याबरोबर धाडला.

गुरुवार

दुपारची चेन्नईकडे जाणारी गाडी. आत्याच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि कागदात गुंडाळलेली सहा लिंबं.

"लिंबं कशाला गं?"

"घाटात कुणाला मळमळलं तर?"

या मार्गावर घाट लागत नाही हे भूगोलाच्या बाईंना मी काय सांगणार.

भिगवणच्या आसपास उजनीच्या फुगवट्यावर सूर्य टेकला होता. भाच्यानं तेवढ्यात मुद्द्याचा प्रश्न काढला. "आजी, गुहाच बघायची होती तर पाताळेश्वर काय वाईट होतं? जंगली महाराज रोडवर उतरलं की झालं."

"ती गुहा नव्हे, लेणं. माणसानं कोरलेलं. पाताळेश्वर घे, कार्ले घे, भाजे घे, भिंतीवर छिन्नीचे घाव दिसतात. आपला बेसाल्ट पाण्यात विरघळून पोकळ होणाऱ्यातला नाही. लाव्हा थिजून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाऊस त्याला झिजवतो, फोडतो, माती करतो. पण आत शिरून दालनं काढायची तर त्याला चुनखडकच लागतो."

"म्हणजे कडप्पा?"

"म्हणजे कडप्पा."

सोलापूर कधी गेलं कळलं नाही. मला वरचा बर्थ मिळाला आणि रात्रभर एसीचा झोत नेमका कपाळावर.

शुक्रवार

सकाळी गुत्तीला खिडकीतून डोंगरावरचा किल्ला दिसला. मुरारराव घोरपडे ज्यांना आपण गुत्तीकर म्हणतो, त्यांची गुत्ती ती हीच. अठराव्या शतकात एक मराठा सरदार इथं बसून हैदरअलीशी झुंजत होता, आणि आम्ही तिथून दशमीचा शेवटचा तुकडा खात पुढं गेलो.

उतरायचं स्टेशन ताडिपत्री. भाच्याला पुण्यापासून या नावाची गंमत वाटत होती. "पावसाळ्यात टेम्पोवर टाकतात ती?" स्टेशनच्या पाटीसमोर त्यानं तसा फोटोही काढून घेतला.

नाष्ट्याला उग्गाणी-बज्जी. भिजवून पिळलेले चुरमुरे, कांदा-हळदीची फोडणी, वरून डाळ्याची पूड आणि शेजारी मिरचीची भजी. आत्यानं पहिल्याच घासाला निकाल दिला, "ही तर आपली सुशीला!" सोलापूर-मराठवाड्याकडची सुशीला इकडे येऊन उग्गाणी झाली की उग्गाणी तिकडे जाऊन सुशीला, यावर दोघांचा वाद रंगला. मिरची मात्र नि:संशय इथलीच होती. मी दोन ग्लास ताक प्यायलो.

तीन दिवसांसाठी गाडी ठरवली होती. ड्रायव्हर मध्यमवयीन, मितभाषी, हिंदी मोडकीतोडकी पण आमच्यापेक्षा बरी. गावाबाहेर पडताच रस्त्याच्या दोन्ही कडांना काळ्या-करड्या फरश्या उभ्या लावलेल्या दिसू लागल्या, लग्नाच्या हॉलबाहेर खुर्च्या रचून ठेवतात तशा. आत्या काचेला नाक लावून बसली होती. "कडप्पा! किती कडप्पा!"

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "कडपा? कडपा तो शहर है, अम्मा. दूसरा जिल्हा."

"मग याला काय म्हणता?"

"नापराई."

झालं. ज्या नावानं आम्ही पन्नास वर्षं ओटा पुसला ते नाव इथं गावातल्या गावात कुणी घेत नव्हतं. हे नेहमीचंच आहे म्हणा. माल निघाला एका गावातून की नाव चिकटतं भलत्याचंच.

आत्यानं एका कारखान्यापाशी गाडी थांबवायला लावली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, आत पाण्याच्या धारेखाली फिरणारं करवतीचं पातं आणि कानात बोळे घालावेत असा आवाज. दगड काळा, पण पात्याखालून जे पाणी वाहत होतं ते ताकासारखं पांढुरकं. ते बाहेरच्या खड्ड्यात साठून वाळलं होतं आणि त्याची पिठासारखी भुकटी झाली होती. तिथल्या म्हाताऱ्या कामगारानं आम्हाला एक फुटकी चीप आणून दिली, हाताच्या तळव्याएवढी. पैसे घेईना.

आणि मग आत्यानं पिशवीतून लिंबू काढलं.

घाटाचं सोंग इथं उघडं पडलं. तिनं चिपेवर चिमूटभर भुकटी ठेवली, दातानं लिंबाची साल फोडली आणि पिळलं. भुकटी फसफसली. फार नाही, सोड्याची बाटली उघडून दहा मिनिटं झाल्यावर असते तेवढीच, पण कान जवळ नेला तर सुर्रकन ऐकू येत होतं. मग गुळगुळीत बाजूवर थेंब टाकला. तिथं बुडबुडे मोहरीपेक्षाही बारीक, एकेक करून सुटणारे. चार-पाच कामगार गोळा झाले. म्हातारा "निम्मकाया, निम्मकाया" म्हणत हसायला लागला. त्यानं अंगठ्यानं थेंब पुसला आणि चीप उन्हात तिरकी धरून आम्हाला दाखवली. डाग. आजीच्या ओट्यावरचा, हुबेहूब.

"बघ," आत्या भाच्याला म्हणाली. आवाज एकदम वर्गातला. "दगडात कॅल्शियम कार्बोनेट. लिंबातल्या आम्लानं ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, उरलेलं पाण्यात जातं. आता लिंबाच्या जागी पाऊस धर. पावसाचं पाणी हवेतून हाच वायू घेतं, आणि मातीत मुरताना मुळांपाशी, कुजलेल्या पाल्यापाशी आणखी घेतं. झाला अगदी फिक्का, बेचव सोडा. तो खडकाच्या फटीत शिरतो आणि खात बसतो."

"किती वर्षं?"

"ते मोजायला तुझी-माझी बोटं पुरणार नाहीत."

संध्याकाळी गावातली दोन्ही देवळं पाहिली. पेन्ना नदीकाठचं बुग्गा रामलिंगेश्वर मला जास्त आवडलं. बुग्गा म्हणजे झरा. पिंडीपाशी सतत पाणी पाझरतं म्हणून हे नाव. गोपुरं अर्धवटच राहिलेली आहेत, पण जोत्यापासून वरपर्यंत अशी नक्षी की टेकायला बोटभर रिकामी जागा नाही. चिंतल वेंकटरमण देवळात हंपीसारखा दगडी रथ आहे. दोन्ही विजयनगर काळातली. आत्याचे पाय दुखत होते हे तिनं कबूल केलं नाही, फक्त प्रत्येक खांबाचं शिल्प बसून पाहायला लागली.

शनिवार

बेलुम ताडिपत्रीपासून साधारण ३० किलोमीटर. रस्त्यानं कापूस, मिरची, मधूनच सिमेंट कारखान्याच्या चिमण्या. शेतांना काटेरी तारेचं कुंपण फार कमी, नापराईच्या फरश्याच ओळीनं जमिनीत उभ्या रोवलेल्या. गोठ्याच्या भिंती फरशीच्या, छपरावर फरशी, बसस्टॉपवरचं बाकडंही फरशीचं. आपल्याकडे स्क्वेअर फुटाच्या भावानं मोजून घेतो तो माल इथं बांधाला घालतात.

लांबवर एर्रमला डोंगरांची तांबूस ओळ. भाचा मात्र खट्टू झाला. "डोंगर तर तिकडे राहिला. गुहा कुठंय?" समोर नुसतं उघडं माळरान, एक बुटकी टेकडी आणि बुद्धाची भलीमोठी पांढरी मूर्ती. या परिसरात पूर्वी बौद्ध भिक्खूंचा वावर होता असं मानतात, म्हणून ती.

गुहा होती आमच्या पायांखाली. जमिनीत तीन खड्डे आहेत, विहिरीसारखे, आणि मधला खड्डा म्हणजे दार. संस्कृत 'बिल' वरून बेलुम हे नाव आलं असं तिथं सांगितलं जातं. आत्या लगेच म्हणाली, "म्हणजे बीळच की! उगाच घाबरत होते मी तेलुगूला."

नाताळची सुट्टी, त्यात शनिवार. जिन्यावर रांग. उतरताना मला वाटलं होतं आत गार असेल, लेण्यांत असतं तसं. छे. दहा पावलांत चष्म्यावर वाफ धरली आणि पंधराव्या पावलाला शर्ट पाठीला चिकटला. गुहेत जागोजाग बाहेरची हवा आत सोडायची सोय केलेली आहे. त्या झोतापाशी लोक उन्हाळ्यात कुलरसमोर उभे राहतात तसे हात पसरून उभे होते. आत्यानं पदर खोचला आणि कडेनं पुढं निघाली. रोज पर्वती चढणारी बाई ती.

गुहा म्हटलं की माझ्या डोक्यात एक मोठी खोली असते. बेलुम खोल्यांची नाही, वाटांची आहे. नदीचं पात्र वरून झाकून टाकलं तर आत जसं दिसेल तशी. वाट रुंदावते, एकदम दोन माणसांपुरती होते, वळते, फुटते. भिंती काळ्या आणि आडव्या थरांच्या, पण प्रत्येक थराची कड पाण्यानं घासून गोलाई दिलेली. छतात ठिकठिकाणी उलट्या पातेल्यासारखे खळगे. पिवळ्या दिव्यांत हे सगळं ओलसर चमकतं.

एका अरुंद वळणावर आत्या थांबली. मागचे लोक खोळंबले. तिनं भिंतीच्या कडेवरून बोट फिरवलं, डोळे मिटून, ओट्यावर पीठ राहिलंय का ते बघतात तसं. मग माझा हात धरून तिथं ठेवला. वरचा भाग गुळगुळीत, आणि खाली जिथं पाणी रेंगाळलं असेल तिथं बारीक खरखर, मांजराच्या जिभेसारखी. तुळशीच्या कुंडीखालच्या तुकड्यावर अशीच लागते. "लिंबाचा डाग आहे हा," ती म्हणाली, "मैलभर लांबीचा." मागून कुणीतरी तेलुगूत पुढं सरकायला सांगितलं. सूर कळला, म्हणून सरकलो.

मैलभर ही आत्याची अतिशयोक्ती नव्हती, उलट कमीच होतं. गुहेची मोजलेली लांबी ३२२९ मीटर आहे, म्हणजे दोन मैल. पर्यटकांना साधारण दीड किलोमीटर जाता येतं. १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं या गुहेची नोंद केली. हा तोच फूट, ज्याला १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला आदिमानवाची दगडी कुऱ्हाड सापडली होती. नंतर जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. १९८२ ते १९८४ या काळात डॅनियल गेबाऊर यांच्या तुकडीनं, हे जर्मन गुहाशोधक, आत उतरून नीट मोजणी केली. १९९९ नंतर पर्यटन महामंडळानं दिवे, पायवाटा केल्या आणि २००२ मध्ये गुहा लोकांना खुली झाली. भाच्याला यातलं फक्त गेबाऊर आवडलं. "दिवे नव्हते तेव्हा ते कसे गेले असतील? रांगत?" बहुतेक रांगतच, आणि चिखलातून.

कोटिलिंगालु हे दालन येईपर्यंत आत्याचे फळ्यावरचे स्तंभ काही भेटले नव्हते. इथं भेटले. छतातून शेकडो लोंबकळणारे, काही बोटाएवढे, काही मांडीएवढे, त्यांना शिवलिंगांची उपमा देऊन हे नाव पडलंय. एके ठिकाणी वरचा आणि खालचा मिळून एकच जाडजूड खांब झालेला. इतर लोक तिथं सेल्फी काढत होते. आत्या एका लहानशा टोकाखाली मान वर करून उभी राहिली. टोकाला थेंब होता. तो फुगत होता, दिव्याचा पिवळा ठिपका त्यात उलटा दिसत होता, आता पडेल, आता पडेल असं वाटत होतं आणि पडत नव्हता. आम्ही किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. भाचासुद्धा मोबाईल खाली करून उभा होता. शेवटी तो आमची नजर जरा हलली तेवढ्यात पडला.

"हा थेंब वरून चुना विरघळवून आणतो," आत्या हळू आवाजात म्हणाली. "इथं मोकळी हवा मिळाली की त्यातला वायू निघून जातो. सोडा उघडा राहिला की जसा मरतो तसा. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. थेंब पडायच्या आधी टोकाला इवलासा थर ठेवून जातो."

"आपल्या गिझरच्या कॉईलवर बसतो तो?" भाच्यानं विचारलं. त्यांच्या सोसायटीत वर्षभर टँकर असतो.

आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की शाळेत असता तर त्याला तिथल्या तिथं वर्गप्रमुख केला असता. "तोच. तिथं तापवून वायू घालवतोस, इथं तो आपणहून जातो. पाणी आधी खातं, मग वाढतं."

सप्तस्वरांची गुहा म्हणून एक भाग आहे. तिथले दगडी पडदे ठोकले की धातूसारखे वेगवेगळे आवाज येतात. ऐकायला बरं वाटतं, नाही असं नाही. पण रांगेतला प्रत्येक जण ठोकून बघत होता, भाच्यानंही मूठ उगारली. आत्यानं ती हवेतच धरली. "ऐकलंस ना? मग पुरे." मला तिचं पटलं. जे व्हायला इतका काळ लागला त्याच्यावर रोज किती टकटक करायची? सहस्र फण्यांचं छत मात्र कुणाच्या हाताला येत नाही, त्यामुळे शाबूत दिसलं. नागाचे फणे उलटे टांगल्यासारखे, एकावर एक. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं चालवलं नसलं तरी दुसरं नाव सुचत नाही.

पाताळगंगा सगळ्यात खोल, ४६ मीटर. पायऱ्या उभ्या, छत बुटकं आणि मी सहा फुटांच्या जवळपास. खाली बघून उतरावं तर वर आपटतं, वर बघावं तर पाय घसरतो. दोन्ही झालं. कपाळावर टेंगूळ घेऊन खाली पोचलो तर पाण्याची एक बारीक धार खडकातून येऊन खडकात नाहीशी होत होती. एवढंसं पाणी, पण वर्षभर वाहतं म्हणे आणि दोनेक किलोमीटरवरच्या बेलुम गावच्या विहिरीला जाऊन मिळतं असं मानतात. आत्यानं हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही. श्वास जड झाला होता, मला वर जायची घाई झाली होती आणि ती घाई टेंगळामुळे आहे असं मी दाखवत होतो.

परतीच्या वाटेवर एका ठिकाणी कठडा लावून पुढचा रस्ता बंद केलेला आहे. दिवे तिथंच संपतात. भाच्यानं मोबाईलचा टॉर्च मारला. वाट पुढं चांगली पंधरा-वीस पावलं दिसली, मग कंबरेएवढी झाली, मग डावीकडे वळली. आतून ऊबदार, मातकट वास येत होता. आमच्यामागून लोकांचा गलका चाललेला आणि समोर काहीच नाही. तो बराच वेळ टॉर्च हलवत राहिला, प्रकाश नेमका वळणावर अडायचा. "मामा, गेबाऊर त्या वळणाच्या पुढं गेला असेल ना?" गेला असणारच. नकाशात आहे म्हणजे कुणीतरी गेलं होतं.

वर आल्यावर ऊन इतकं मोकळं वाटलं की तिघंही पाच मिनिटं गाडीकडे न जाता तसेच उभे राहिलो. दाराबाहेर गाड्यावर लिंबू-सोडा मिळत होता. भाच्यानं ग्लास उंच धरून बुडबुडे पाहिले आणि जाहीर केलं, "आजी, यात दोन्ही आम्लं आहेत. हा ओटाही खाईल आणि गुहाही." आत्यानं दोन ग्लास घेतले.

रविवार

गंडिकोट. पहाटे निघालो, तरी सूर्योदय वाटेतच झाला. पेन्ना नदीनं इथं डोंगर उभा चिरलाय आणि त्या घळीच्या कडेवर किल्ला आहे. आत माधवराय मंदिर, भली मोठी जामा मशीद आणि धान्याचं कोठार. रंगनाथाचं देऊळ पडीक आहे पण सुंदर. फोटोंमुळे फार गवगवा झालेली जागा असूनही कड्यावर उभं राहिल्यावर बोलती बंद झाली, हे खरं. दोन्ही बाजूंना तांबड्या दगडाचे चौकोनी ठोकळे, एकावर एक रचून ठेवल्यासारखे आणि खाली हिरवट पाणी.

आत्यानं किल्ल्याबाहेर, रस्त्याकडेला पडलेला एक तांबडा खडा उचलला. पिशवीतून लिंबू. पिळलं. काही नाही. थेंब नुसता बसून राहिला, जिरलासुद्धा नाही.

"क्वार्टझाइट," ती म्हणाली. "वाळू दाबून, भाजून घट्ट झालेली. याला लिंबू काय करणार? इथं नदीला कापतच जावं लागलं." मग थोडं थांबून, "म्हणूनच इथं दरी झाली, तिथं बीळ."

दुपारी गुडघा सुजला होता तिचा. मशिदीच्या सावलीत बसून तिनं स्वतःच मलम चोळलं आणि आम्हाला कोठार बघायला पाठवलं. रात्रीची गाडी ताडिपत्रीहून. जेवायला नाचणीची संकटी आणि गोंगुरा. हॉटेलात गरम पाणी तिन्ही दिवस आलं नाही, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

सोमवार

सकाळी जाग आली तेव्हा वाडी जंक्शन. भाचा झोपलेला. आत्या खालच्या बर्थवर उशीला टेकून चहा पीत होती. पुढचं मोठं स्टेशन शहाबाद. रुळांच्या बाजूला खाणींचे खड्डे, पाणी भरलेले, आणि करड्या फरश्यांच्या थप्प्या.

"शहाबादी," मी म्हटलं.

"तोही चुनखडकच," आत्या म्हणाली. वाड्याचं अंगण शहाबादीचं होतं. आम्ही त्यावर खडूनं ठिकरी आखायचो. ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. "अंगण शहाबादचं, ओटा ताडिपत्रीचा. मग आपल्या वाड्यात आपलं होतं काय?"

"जोतं," मी म्हटलं. "ते काळ्या दगडाचं. इथलंच, पुण्याचं."

"हो की. आणि तेच तेवढं बिल्डरला फोडायला जड गेलं."

पुण्यात उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दोन रिक्षावाल्यांनी पेठेत यायला नकार दिला, तिसरा मीटरवर आला. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर आत्यानं आधी तुळशीला पाणी घातलं. मग ताडिपत्रीची चीप पिशवीतून काढून, पुसून, कुंडीखालच्या तुकड्याला लागून ठेवली. दोन्हींचा रंग अगदी एक नव्हता, नवी जरा निळसर.

"सरबत करते," ती आतून म्हणाली. सहातलं एक लिंबू उरलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तिनं सुरी घेतली, ग्रॅनाईटच्या ओट्यावर ताटली ठेवली आणि लिंबू ताटलीत चिरलं.